मार्च २०२१: जहाज तिकडं आडवं, टॉवेल इकडं पडून

मार्च २०२१ मध्ये जगात काय झालं, असं आज कुणाला विचारा. निम्मे म्हणतील कोरोना, उरलेले म्हणतील ते सुएझ कालव्यातलं आडवं जहाज. आणि दुसरं उत्तर देताना माणूस हमखास हसतो. त्या हसण्याबद्दल मला बोलायचंय.

तसा तो महिना घडामोडींनी गच्च भरलेला होता. पोप फ्रान्सिस इराकला गेले आणि नजफला शिया धर्मगुरू आयातुल्ला सिस्तानींना त्यांच्या घरी जाऊन भेटले. कोरोनाला मोजायलाच नकार देणारे टांझानियाचे राष्ट्राध्यक्ष मागुफुली वारले आणि सामिया सुलुहू हसन तिथल्या पहिल्या महिला राष्ट्राध्यक्ष झाल्या. म्यानमारमध्ये २७ मार्चला, ऐन लष्कर दिनाला, लष्करानं एका दिवसात शंभरावर माणसं मारली. इस्रायलनं दोन वर्षांत चौथ्यांदा मतदान केलं. आणि क्रिस्टीजच्या लिलावात कॉम्प्युटरवरचं एक चित्र ६.९ कोटी डॉलरला गेलं, म्हणजे आपले पाचशे कोटी. (यावर मी काही बोलत नाही.)

आपल्याकडं टीव्हीवर काय होतं? मुंबईत अंबानींच्या घराजवळ सापडलेली जिलेटिनची गाडी, पंढरपूर-मंगळवेढ्याची पोटनिवडणूक आणि रोजचे वाढते रुग्णांचे आकडे.

जगातली एक बातमी मात्र थेट आपल्या गल्लीत आली होती. १ मार्चपासून साठीच्या पुढच्यांना लस सुरू झाली आणि महिन्याच्या मध्यावर जर्मनी, फ्रान्स, इटलीनं रक्तात गुठळ्या होतात या शंकेनं अ‍ॅस्ट्राझेनेकाची लस थांबवली. आपली कोविशील्ड तीच. झालं, केंद्रावर जायला निघालेली म्हातारी माणसं उंबऱ्यातनं परत फिरली. "तिकडं बंद केलीय म्हणे, मग आपल्यालाच का टोचायलेत?" तीनच दिवसांत युरोपच्या औषध संस्थेनं सांगितलं की गुठळ्यांचा प्रकार फार दुर्मीळ आहे, त्याचा तपास चालू राहील, पण धोक्यापेक्षा फायदा मोठा आहे. बहुतेक देशांनी लस पुन्हा सुरूही केली. ही दुसरी बातमी आमच्या सोलापूरच्या ग्रुपवर आलीच नाही. एप्रिलमध्ये दुसऱ्या लाटेत सोलापुरात काय झालं ते सगळ्यांनी बघितलंय.

आता जहाज. २३ मार्चला सकाळी वाळूच्या वाऱ्यात 'एव्हर गिव्हन' सुएझ कालव्यात आडवं झालं. लांबी ४०० मीटर, वर १८ हजारांवर कंटेनर. मालक जपानी, चालवणारी कंपनी तैवानची, झेंडा पनामाचा, देखभाल जर्मन कंपनीकडं, आणि जहाजावरचे २५ च्या २५ खलाशी भारतीय. जगाचा साधारण १२ टक्के व्यापार ज्या वाटेनं जातो ती सहा दिवस बंद. मागं-पुढं चारशेवर जहाजं खोळंबली. आमच्या ग्रुपवर 'सात रस्त्याला उसाची ट्रॉली आडवी' असा, इथल्या चौकाचं नाव घातलेला मीम फिरला. मीही हसलो, मीम चांगलाच होता की ओ.

पण मी पोटापाण्यासाठी टॉवेलच्या एक्सपोर्टची कागदपत्रं बघतो, त्यामुळं ते हसू दुपारपर्यंतच टिकलं. टॉवेल हा फुगीर माल. कंटेनर वजनानं भरायच्या आधी जागेनं भरतो, म्हणजे भाडं वाढलं की ते एकेका नगावर चढतं. दुबईला जाणाऱ्या मालाला सुएझ लागत नाही, तो गेला. हॅम्बुर्ग, रॉटरडॅमचा माल अडकला. त्याआधीच रिकामे कंटेनर मिळेनासे झाले होते, भाडं काही पटींनी वाढलं होतं, सुताचे भावही चढलेले. एफओबीवर, म्हणजे माल बंदरात जहाजावर चढवून देईपर्यंतच आपला खर्च अशा बोलीवर, सौदा असला की भाडं गिऱ्हाईक भरतं हे खरं, पण ते पुढच्या ऑर्डरीत दर पाडून तेच वसूल करतं. जहाज २९ मार्चला निघालं, पण विस्कटलेलं वेळापत्रक जुळायला कितीतरी आठवडे गेले. अक्कलकोट रोडला माल बांधून तयार आणि गाडी लावायला तारीख मिळेना, असं चालू होतं. गाडी नाही म्हणजे बिल नाही, बिल नाही म्हणजे यंत्रमागावरच्या माणसाला शनिवारी उचल नाही.

ते जहाज सुटलं कसं, हेही ऐकण्यासारखं आहे. जहाज ओढणाऱ्या टगबोटी आणि गाळ उपसणारे ड्रेजर होतेच, पण खरी मदत झाली पौर्णिमेच्या उधाणाची. ती पौर्णिमा म्हणजे आपली होळी. आपण बोंबा मारत होतो तेव्हा तिकडं कालव्यात पाणी चढत होतं.

त्या आठवड्यात जगानं काय काय केलं बघा. जहाज एका बाईनं अडकवलं अशी खोटी बातमी फिरली. इजिप्तच्या पहिल्या महिला कप्तान मारवा एल्सलेहदार यांचा फोटो लावून. त्या तेव्हा अलेक्झांड्रियात, दुसऱ्याच जहाजावर ड्युटीवर होत्या. आणि तो इवलासा खोदाई करणारा जेसीबी, ज्याच्या फोटोवर सगळ्यात जास्त मीम झाले? तो चालवणाऱ्यानं नंतर सांगितलं की तो रात्रंदिवस जेमतेम झोप काढून राबला आणि ओव्हरटाइमचे पैसे अजून मिळायचे आहेत. हे वाचून आपल्या मागवाल्याला काही वेगळं वाटणार नाही.

आणि ते २५ जण? जहाज सुटल्यावर इजिप्तनं भरपाईसाठी ते कालव्याच्या वाटेवरच्या ग्रेट बिटर तलावात अडकवून ठेवलं. आधी मागणी ९१ कोटी डॉलरवर, मग ५५ कोटी. तडजोड होऊन जहाज हललं ७ जुलैला. मधल्या काळात थोड्यांना घरी पाठवलं, बाकीचे तिथंच. इकडं घरी दुसरी लाट. मीम करणाऱ्या देशाला हे तीन महिने कुणी सांगितलेच नाहीत. आतल्या पानावर चार ओळी आल्या असतील तर असतील.

माझं भांडण इथं आहे. मराठी बातम्यांत 'जग' म्हणजे एक तर युद्ध, नाहीतर गंमत. सोलापूरची चादर आणि टॉवेल, दोन्हींना जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालाय म्हणून आपण भाषणं करतो, पण तो टॉवेल कुठल्या पाण्यातनं जातो हे सांगायला कुणी नाही. २०२३ च्या शेवटी लाल समुद्रात येमेनच्या हुथी बंडखोरांचे हल्ले सुरू झाले, मोठ्या कंपन्यांनी जहाजं आफ्रिकेला वळसा घालून न्यायला सुरुवात केली, प्रवास दहा-बारा दिवसांनी लांबला. तेव्हाही ग्रुपवर तेच. "हुथी कोण, आपल्याला काय त्याचं?" असं विचारणाऱ्याचे स्वतःचे चार माग आहेत.

कांद्याचा भाव आपल्या पेपरात रोज येतो. यावाच, त्यावर घरं चालतात. त्याच्या शेजारी न्हावा शेवा ते रॉटरडॅम कंटेनरचं भाडं आठवड्यातनं एकदा छापायला किती जागा लागते? वाढदिवसाच्या शुभेच्छांची एक जाहिरात कमी केली तरी भागतंय.