अंड्यांचा ‘सरकारी भाव’ नसतो

‘एनईसीसीच्या दरापेक्षा जास्त पैसे घेतले तर दुकानदारावर गुन्हा’ असा मेसेज नागपूरच्या ग्रुपांवर फिरतोय. चूक आहे. एनईसीसी ही पोल्ट्रीवाल्यांची संघटना. ती रोज शेकड्याचा जो दर जाहीर करते तो फक्त सुचवलेला असतो, तोही घाऊक. गोकुळपेठेतला किराणेवाला ३० च्या ट्रेमधून सुटी अंडी काढून देतो, तेव्हा वाहतूक, फूटतूट आणि नफा धरून भाव तोच ठरवतो. महाग वाटलं तर पुढचं दुकान गाठा!

अंड्यांच्या सीलबंद डब्याचं मात्र वेगळं. छापील एमआरपीपेक्षा एक रुपयाही जास्त घेता येत नाही. तशी तक्रार वैधमापन शास्त्र विभागाकडे करता येते. डब्यावर पॅकिंगची तारीख आणि एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) १४ अंकी परवाना क्रमांकही बघून घ्या.