टोनी बेनेट : पोराचं मार्केटिंग की बापाचा गळा?

अमेरिकन गायक टोनी बेनेटवर मी लिहिलं, त्यावर तुमचं म्हणणं असं की त्याचा आवाज साठच्या दशकातच संपला होता, नंतर पोरानं, म्हणजे मॅनेजर झालेल्या डॅनीनं, बापाला एमटीव्ही या म्युझिक चॅनेलवर नेऊन विकला, फ्रँक सिनात्रासारख्या बड्या गायकापुढे हा कोण, आणि मी उगाच भक्तिभावानं लिहिलंय. भक्त तर भक्त, चालेल, पण बाकीचं तसंच सोडवत नाही.

मार्केटिंग केलं, शंभर टक्के केलं. पण विकलं काय ते बघा ना. 1979 ला टोनीकडे रेकॉर्ड कंपनी नाही, मॅनेजर नाही, टॅक्सवाले लॉस एंजेलिसच्या घरामागे लागलेले, त्यात कोकेन, एकदा तर जिवावरच बेतलं, तेव्हा त्यानं पोरांना फोन केला. डॅनीनं त्याला न्यूयॉर्कला परत आणलं आणि लास वेगासचे शो सोडून कॉलेजांत, छोट्या थिएटरांत गायला लावलं. गाणी तीच, सूट-टाय तसाच, पियानोवर पुन्हा जुना राल्फ शॅरन. 1994 चं 'अनप्लग्ड', म्हणजे विजेच्या वाद्यांशिवाय गायचा एमटीव्हीचा कार्यक्रम, तोसुद्धा त्याच थाटात झाला आणि त्याचा अल्बम पुढच्या वर्षी अल्बम ऑफ द इयरचं ग्रॅमी घेऊन गेला. (तसा हा गडी जन्मभर अनप्लग्डच गात आला होता म्हणा.)

माणूस बदलून विकायचा प्रयोग आधी झालाच होता की, तो कोलंबिया या त्याच्या रेकॉर्ड कंपनीनं केला. 1970 च्या सुमारास तरुण पोरांची चालू हिट गाणी त्याच्या गळ्यात मारली, रेकॉर्डिंगआधी त्याला ओकारी झाली म्हणतात, आणि अल्बम काही चालला नाही. थोड्याच दिवसांत त्यानं कंपनी सोडली.

आवाजाचं म्हणाल तर, दुसऱ्या महायुद्धावरून आल्यावर हा सैनिकांसाठीच्या सरकारी योजनेतून बेल कांतो ही इटालियन शास्त्रीय गायनपद्धत शिकला, आणि तो रियाज म्हातारपणापर्यंत सोडला नाही. 88 व्या वर्षी पॉप गायिका लेडी गागाबरोबरचा अल्बम एक नंबरला गेला, त्यात तिचं नाव होतं हे मान्यच, पण त्यांचं लाइव्ह रेकॉर्डिंग ऐका, सूर कोण धरून ठेवतंय ते लगेच कळतं.

आणि सिनात्रा? 1965 ला 'लाइफ' मासिकात त्यानं स्वतःच सांगितलं होतं की या धंद्यातला सगळ्यात भारी गायक टोनी. आता त्याच्याशी भांडा.

एक काम करा, 1975 चा जाझ पियानोवादक बिल इव्हान्सबरोबरचा अल्बम लावा. नुसता पियानो आणि गळा, ड्रम नाही, बास नाही. तेव्हा डॅनी मॅनेजर नव्हता आणि एमटीव्ही तर जन्मालाच यायचा होता.