नाटो म्हणे अमेरिकेच्या गरजेला कधी आलीच नाही

"कुणाशीही युती करू नका, असं पहिले राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन १७९६ मध्येच बजावून गेले. ते ऐकलं म्हणून दीडशे वर्षं जगाच्या भानगडींपासून लांब राहून अमेरिका मोठी झाली. आता नाटोतले देश तिच्या जिवावर जगतात, पण तिच्या गरजेला एकही आला नाही. उद्या कलम ५ मुळे तिला आपोआप युद्धात उतरावं लागेल." नाटो, म्हणजे अमेरिका, कॅनडा आणि युरोपातल्या देशांची लष्करी युती, हिच्याबद्दलचा हा मजकूर न्यू जर्सीच्या मामांनी घरच्या ग्रुपवर टाकला. भाचीने तो जसाच्या तसा वादविवाद स्पर्धेच्या भाषणात उतरवला, तेव्हा मात्र मला गप्प बसवेना.

"गरजेला एकही आला नाही" हे धादांत खोटं आहे आणि जीव गमावलेल्यांचा अपमानही. एका सदस्यावरचा हल्ला तो सगळ्यांवरचा हल्ला मानायचा, असं सांगणारं नाटो कराराचं कलम ५ आजवर एकदाच लागू झालं: ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर, दुसऱ्याच दिवशी, अमेरिकेसाठी! त्या ऑक्टोबरपासून मे २००२ पर्यंत नाटोची अवॅक्स टेहळणी विमानं अमेरिकेच्या आकाशात गस्त घालत होती, आणि त्यांत १३ देशांचे सैनिक होते. पुढे अफगाणिस्तानातल्या युद्धात ब्रिटनचे ४५७ जण मृत्युमुखी पडले, कॅनडाचे दीडशेहून अधिक. तेव्हा जेमतेम ५५ लाख वस्तीच्या डेन्मार्कने ४० हून अधिक सैनिक गमावले. त्यांच्या घरच्यांना जाऊन सांगा, कुणी आलं नाही म्हणून.

वॉशिंग्टन यांचा विरोध कायमच्या युत्यांना होता. असाधारण संकटात तात्पुरत्या युतीवर खुशाल भिस्त ठेवावी, हे त्यांच्या १७९६ च्या त्याच निरोपपत्रात आहे. मजकूर लिहिणाऱ्याने ते वाचलेलंच दिसत नाही. वॉशिंग्टन यांना युतीचा अनुभवही होता. स्वातंत्र्ययुद्धात, १७८१ मध्ये यॉर्कटाउनला मित्र फ्रान्सच्या आरमाराने समुद्र अडवला, म्हणून इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिसला शरण यावं लागलं.

अमेरिका लांब राहिली ती युरोपातल्या युत्यांपासून, युद्धांपासून नव्हे. १८४६ ला मेक्सिकोशी लढली, १८९८ ला स्पेनशी, आणि फिलिपिन्स घेऊन बसली. १९३५ पासून तटस्थतेचे कायदे केले, तरी १९४१ ला पर्ल हार्बरच्या नाविक तळावर जपानचा हल्ला झालाच.

पैशाचं म्हणाल तर तक्रारीत तथ्य आहे, नाइलाजाने मान्य करते. युरोपने वर्षानुवर्षं संरक्षणावर हात आखडता घेतला. देशांतर्गत उत्पादनाच्या (जीडीपी) २ टक्के खर्च करणारे देश २०१४ साली हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. पण ती अमेरिकेला द्यायची वर्गणी नव्हे, ज्याने त्याने आपल्याच सैन्यावर करायचा खर्च आहे.

राहिलं "आपोआप युद्ध". कलम ५ चा मजकूर चार ओळींचा आहे, वाचायला दोन मिनिटं लागत नाहीत. प्रत्येक देशाने "स्वतःला आवश्यक वाटेल ती" कृती करावी, असं त्यात लिहिलंय. सशस्त्र बळ हा त्यातला एक पर्याय. कलम ११ प्रमाणे हे सगळं ज्या त्या देशाच्या घटनेनुसारच व्हायचं, आणि अमेरिकेच्या घटनेत युद्ध पुकारण्याचा अधिकार काँग्रेसचा, म्हणजे तिथल्या संसदेचा आहे.