आडाळ्यावर बोट कापलं तर नेमकं काय ओरडायचं

मे महिन्यात गावी आलात ना, मग पहिलं काम करा, तोंडातून आपोआप निघणारे आवाज बंद करा आणि इंग्रजी उद्गार शिका. "आये गे", "मेलंय", "अगो बाय" असलं काही मुंबईच्या पाहुण्यांसमोर निघालं की संपलं, इंग्लिश मिडीयमची अख्खी फी पाण्यात.

समजा आडाळ्यावर (म्हणजे आमच्याकडची विळी) खोबरं खोवताना बोट कापलं. लगेच ओरडू नका, आधी ठरवा, दुखलंय का चुकलंय? दुखलं तर 'आऊच', हातून चूक झाली तर 'उप्स', आणि बोटही कापलं नि रक्तही खोबऱ्यात पडलं तर आधी आऊच मग उप्स, उलटं केलंत तर लोकांना वाटेल ह्याला बोटापेक्षा सोलकढीची काळजी जास्त (जी खरं तर असतेच). आणि उप्स फक्त बारक्या नुकसानाला हां. कप फुटला, उप्स. काकांची होडी खडकावर घातलीत आणि उप्स म्हणालात तर काका वल्ह्याने मारतील.

शाळेत आपल्याला दोनच शिकवले, हुर्रे म्हणजे मॅच जिंकली आणि अलास म्हणजे कोणतरी मेलं. केवलप्रयोगी अव्यय, आठ जातींत शेवटची, एक मार्क, पुढे चला. हे अलास मूळचं जुन्या फ्रेंचमधलं, आणि आजचा इंग्रज ते बहुतेक गमतीत वापरतो, 'अलास, केक संपला' वगैरे. पण तुम्ही खुशाल मयताला जाऊन म्हणा, गाईडात आहे म्हणजे बरोबरच असणार.

वॉव मात्र जपून. शब्द स्कॉटलंडचा, 1513 साली लिहिलेला सापडतो, म्हणजे पोर्तुगीज गोव्यात शिरले त्याच सुमाराचा आणि परिणामही साधारण तसाच. मालवणच्या बंदरावर बांगडे बघून एकदा वॉव म्हणा, दीडशेचा वाटा तिथल्या तिथे अडीचशेला जातो. मासे बघून तोंड वाकडं करायचं असतं हे आमच्या आजीला कोणी शिकवावं लागलं नव्हतं.

आता देवाचं. इंग्रजांच्या धर्मात देवाचं नाव उगाच घ्यायला मनाई, म्हणून त्यांनी गॉडचं गॉश केलं, जीझसचं जी केलं, म्हणजे देवाला कळायला नको आणि आपलंही काम व्हावं. आपण साधा चिरा पायावर पडला तरी थेट "रे देवा म्हाराजा", कसला म्हणून आडपडदा नाही. आणि ओएमजी (ओ माय गॉड) आजकालच्या पोरांनी काढलं असं समजून नाक मुरडू नका, 1917 मध्ये लॉर्ड फिशर नावाच्या 76 वर्षांच्या माजी आरमारप्रमुखाने ते चर्चिलला पत्रात लिहिलंय, वर कंसात अर्थही दिलाय, म्हाताऱ्याला भरवसा नसणार चर्चिलला कळेल म्हणून.

एवढा सराव झाला की राखणीला, म्हणजे गावच्या राखणदार देवाला मान देतात तिथे, जाऊन उभे राहा. गावकार (गावचा मानकरी) गाऱ्हाणं घालेल, म्हणजे देवाला साकडं, दर वाक्याला सगळे "व्हय म्हाराजा" म्हणतील, तिथे तुम्ही स्वच्छ उच्चारात "येस" म्हणा. आमच्या भाच्याने म्हटलं होतं. गावकार थांबला, डोळे न उघडता म्हणाला, "बा देवा म्हाराजा, ह्या झिलाक आदी आमची भाषा समजां दे," आणि सगळे एका सुरात, त्याच्या आईसकट, व्हय म्हाराजा!