क्रेओल त्याला येतेच की, मग शाळेत कशाला?

मॉरिशसमधील कास्कावेल या गावी मी एका मराठी कुटुंबात चार दिवस पाहुणा म्हणून राहिलो होतो. त्या घरातील आजीला मोडकीतोडकी मराठी येते, मुलाच्या आईवडिलांना आरत्या आणि सणावारापुरती येते, आणि सकाळी चूल पेटल्यापासून रात्री दिवा मालवेपर्यंत घरात जी भाषा चालते ती क्रेओल, म्हणजे फ्रेंच शब्दांवर उभी राहिलेली तिथली बोली. चौथीतला मुलगा एका संध्याकाळी विज्ञानाची वही घेऊन बसला होता. बाष्पीभवनाची व्याख्या त्याने फळ्यावरून सुवाच्य इंग्रजीत उतरवून घेतली होती आणि ती तो डोळे मिटून घोकत होता. याचा अर्थ काय, असे मी त्याच्या आईमार्फत विचारले, तेव्हा तो मान खाली घालून गप्प राहिला. मग आजीने दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांकडे बोट करून त्याला क्रेओलमध्ये विचारले की यातले ‘दिलो’ गेले कुठे? ‘दिलो’ म्हणजे पाणी. त्यावर तो मुलगा दोन मिनिटे सलग बोलत राहिला, ऊन, वारा, पातेल्यावरची वाफ, सगळे त्याने हातवारे करून सांगितले. उद्याच्या परीक्षेत मात्र यातल्या एका शब्दालाही गुण नव्हते.

शाळेत क्रेओल हा विषय घेता येतो, तो का घेतला नाही, असे मी त्याच्या आईला विचारले. ती हिंदीतून म्हणाली, “क्रेओल त्याला येतेच की. जे घरात बसून येते, ते शिकायला शाळेत कशाला पाठवायचे?”

या उत्तराला न्यूनगंड म्हणून मोकळे होणे सोपे आहे, आणि भाषेवर प्रेम करणारी बरीच माणसे तसे म्हणतातही. मला ते पटत नाही. 2022 च्या जनगणनेत मॉरिशसच्या सुमारे 90 टक्के लोकांनी घरची भाषा म्हणून क्रेओलची नोंद केली. असे असूनही शाळेचा कायदा पहिल्या तीन इयत्तांत सोयीची भाषा वापरायला मुभा देतो आणि चौथीपासून माध्यम इंग्रजी ठरवतो. शिक्षक समजावतात क्रेओलमध्ये, फळ्यावर लिहितात इंग्रजीत, आणि गुण मिळतात ते फळ्यावरच्या मजकुराला. हे सारे त्या आईने स्वतः भोगलेले आहे. 2012 च्या जानेवारीत सरकारने क्रेओल प्राथमिक शाळेत आणली, पण ती केवळ एक ऐच्छिक विषय म्हणून. म्हणजे गणित आणि विज्ञान पूर्वीसारखेच इंग्रजीत राहिले. जी भाषा शिकण्याचे साधन व्हायला हवी होती, ती आणखी एक पाठ्यपुस्तक होऊन दप्तरात आली. अशा वेळी ‘ती तर येतेच’ हे पालकांचे उत्तर व्यवहाराला धरूनच आहे, त्यांच्यापुढे ठेवलेला प्रस्तावच अपुरा होता.

त्यातही तो विषय ठेवला कुठे, तर हिंदी, उर्दू, तमिळ, तेलुगू, मराठी, मँडरिन आणि अरबी या ‘पूर्वजांच्या भाषां’च्याच रांगेत. मुलाने त्यांपैकी एकच निवडायचा. कास्कावेलच्या त्या आईपुढे म्हणून असा प्रश्न उभा राहिला की आजीची मराठी राखायची की मुलाची स्वतःची बोली. तिने मराठी राखली, आणि मराठी माणूस म्हणून मला त्याचा आनंद झाला हे मी लपवणार नाही. परंतु या मांडणीमुळे सगळ्या देशाची बोली एकट्या आफ्रिकी वंशाच्या क्रेओल समाजाची ‘पूर्वजांची भाषा’ ठरते आणि बाकीच्यांना ती आपली वाटेनाशी होते. तिथे हा विषय किती नाजूक आहे हे 1995 साली दिसले होते. प्राथमिक परीक्षेच्या गुणक्रमात हिंदी-मराठीसारख्या पौर्वात्य भाषांचे गुण धरण्यासाठी सरकारने घटनादुरुस्ती आणली, ती फेटाळली गेली, सभागृह विसर्जित झाले आणि त्या निवडणुकीत सत्ताधारी आघाडीची एकही जागा आली नाही.

क्रेओल ही मोडकी फ्रेंच आहे, हा समज तर शिकलेल्या पालकांतही आढळतो. ‘मो दोर्मी’ म्हणजे मी झोपतो, ‘मो ती दोर्मी’ म्हणजे झोपलो, ‘मो पे दोर्मी’ म्हणजे आत्ता झोपत आहे आणि ‘मो पू दोर्मी’ म्हणजे झोपणार आहे. इतके नेटके काळ ज्या भाषेत आहेत, तिला मोडकी म्हणणे अन्यायाचे आहे. 2011 पासून तिला अधिकृत लेखनपद्धती आहे, आणि प्राथमिक परीक्षेत नापास झालेल्या मुलांसाठी कॅथलिक शिक्षणसंस्थांनी 2005 मध्ये क्रेओलचा आधार घेऊन वर्गही सुरू केले होते. पण मला त्यातलीही एक गोष्ट सलते. नापास झाल्यावर जी भाषा हाती दिली जाते, ती पालकांच्या डोळ्यांत नापासांचीच भाषा होऊन बसते. कॅरिबियनमधील हैती या देशात 1979 च्या शिक्षणसुधारणेने तिथली क्रेओल वर्गात आली, तेव्हाही अनेक पालकांची तक्रार हीच होती की आम्ही मुले फ्रेंच शिकायला पाठवतो.

हे सारे दूरदेशीचे वाटत असेल, तर आपल्या रायगड जिल्ह्यातील कोर्लईचा विचार करावा. किल्ल्याच्या पायथ्याच्या त्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीजवर आधारलेली एक क्रेओल, म्हणजे अशीच मिश्र बोली, आजही बोलली जाते, आणि पोर्तुगीज 1740 मध्ये तिथून गेल्यावर ती मराठीच्या शेजारात वाढली. तिथली माणसे तिला ‘नो लिंग’, म्हणजे आमची भाषा, असे म्हणतात. त्या मुलांची शाळा मराठीतून. मुलाला शाळा सोपी जावी म्हणून तिथल्या अनेक आईवडिलांनी घरातही मराठी धरली. मॉरिशसमध्ये जे काम इंग्रजी करते, ते कोर्लईत आपली मराठी करते, हे ध्यानात आल्यावर मी बराच वेळ अस्वस्थ होतो. आमच्याकडे ‘मराठी तर घरी येतेच’ असे म्हणून मुले इंग्रजी माध्यमात घालणाऱ्या पालकांना आपण जे बोल लावतो, ते कोर्लईच्या पालकांना लावण्याचा अधिकार मग आपल्याला उरत नाही.

मॉरिशसच्या सरकारने पालकांची मने वळवणारी व्याख्याने ठेवण्याआधी दोन कामे करावीत, असे मला मनापासून वाटते. क्रेओलचा तास पूर्वजांच्या भाषांपासून वेगळा काढावा, आणि सहावीपर्यंत गणित-विज्ञानाच्या प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि क्रेओल अशा दोन्ही भाषांत छापून उत्तर कोणत्याही एका भाषेत लिहू द्यावे. तसे झाल्यास त्या आईला मुलाची मराठी सोडावी लागणार नाही, आणि दोरीवरच्या कपड्यांतले ‘दिलो’ कुठे गेले याचे त्याचे दोन मिनिटांचे उत्तर त्याला परीक्षेतही लिहिता येईल.