व्यापार करारामुळे देश बुडतो? जरा आकडे बघू

एक मेसेज सगळीकडे फिरतोय, की मोठे प्रादेशिक व्यापार करार म्हणजे देश विकणं, सगळा माल ड्युटी-फ्री (आयात शुल्काशिवाय) येतो, आयात वाढते, व्यापार तूट (निर्यातीपेक्षा जास्त आयात) वाढते, तूट म्हणजे थेट नुकसान, आणि पुरावा काय तर नाफ्टाने, म्हणजे अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोच्या मुक्त व्यापार कराराने, अमेरिकेतले कारखाने संपवले.

नाफ्टापासूनच सुरू करतो. करार 1994 ला लागू झाला तेव्हा अमेरिकेत कारखान्यांमध्ये साधारण 1 कोटी 70 लाख लोक कामाला होते, आणि 2000 सालीही आकडा जवळपास तेवढाच होता. खरी घसरण नंतरची आहे, 2010 पर्यंत 1 कोटी 15 लाखांच्या आसपास. मधल्या काळात ऑटोमेशन वाढलं, 2008 ची मंदी आली, आणि डिसेंबर 2001 मध्ये चीन डब्ल्यूटीओत (जागतिक व्यापार संघटनेत) आला, ज्याच्याशी अमेरिकेचा मुक्त व्यापार करार तेव्हाही नव्हता आणि आजही नाही! मग खापर नाफ्टावरच का?

तुटीचं म्हणाल तर देश जेवढं वाचवतो त्यापेक्षा जास्त गुंतवतो तेव्हा बाहेरचा पैसा येतो आणि तूट दिसते. करार केल्याने किंवा मोडल्याने ती बहुतेकदा फक्त एका देशाकडून दुसऱ्याकडे सरकते.

"सगळा माल ड्युटी-फ्री येतो" हेही चूक. नाफ्टात ड्युटीची सवलत मिळायला गाडीचा 62.5% भाग करारातल्या देशांत बनलेला लागायचा, नाफ्टाच्या जागी आलेल्या 2020 च्या नव्या करारात तो 75% झाला.

पण करारात धोका नाही असं मी अजिबात म्हणत नाहीये, धोका आहे, फक्त मेसेज दाखवतो तिथे नाही. अर्थशास्त्रज्ञ जेकब व्हायनरने 1950 मध्येच सांगितलंय, की सवलतीमुळे बाहेरचा स्वस्त माल सोडून आपण करारातल्या देशाचा महाग माल घेऊ लागलो तर ड्युटीचं उत्पन्नही जातं आणि स्वस्ताईही मिळत नाही. आणि फायदा सगळ्यांत थोडा थोडा वाटला जातो, फटका मात्र मोजक्या लोकांना बसतो. 1989 च्या कॅनडा-अमेरिका करारावर अर्थशास्त्रज्ञ डॅनियल ट्रेफ्लरने केलेला अभ्यास बघा, ज्या कॅनेडियन उद्योगांचं टॅरिफ (आयात शुल्काचं संरक्षण) सगळ्यात जास्त कापलं तिथे रोजगार 12% घटला आणि उत्पादकता 15% वाढली. दोन्ही आकडे खरे आहेत, आणि ज्यांची नोकरी गेली त्यांना उत्पादकतेचं काय करायचंय?

म्हणून करार वाचताना स्वस्त आयातीपासून संरक्षण कुणाला, किती वर्षं, आणि सरकार ते खरंच वापरणार का, हे बघा. नाफ्टात मेक्सिकोला मक्यावरचं संरक्षण हळूहळू काढायला 2008 पर्यंत वेळ होता, पण सरकारने स्वतःच कोट्यापेक्षा (ड्युटीशिवाय आणायच्या ठरलेल्या मर्यादेपेक्षा) जास्त मका ड्युटी न लावता कितीतरी आधीपासून आत येऊ दिला, आणि छोट्या शेतकऱ्यांना मिळालेली ती मुदत कागदावरच राहिली.