शून्य गुन्हे दाखवणाऱ्या कॅम्पसची मला जास्त भीती वाटते

ऑगस्ट जवळ आला की अमेरिकेला निघालेल्या मुलांच्या पालकांचे व्हॉट्सॲप ग्रुप गजबजतात. कुकर इथूनच न्यावा का, रूममेट शाकाहारी आहे का, आणि मग हमखास, 'युनिव्हर्सिटी सेफ आहे ना हो?' उत्तर ठरलेलं: 'एकदम सेफ. आपली खूप मुलं आहेत तिथे.'

आपली मुलं असली म्हणजे जागा सुरक्षित कशी होते, देव जाणे.

यंदा माझी भाची चालली आहे. मी ताईला म्हटलं, ग्रुपवर विचारण्याआधी त्या विद्यापीठाचा ॲन्युअल सिक्युरिटी रिपोर्ट वाच. तिथल्या विद्यापीठांना तो दरवर्षी १ ऑक्टोबरपर्यंत जाहीर करावाच लागतो. मागच्या तीन वर्षांतले बलात्कार, लूटमार, घरफोडी, पाठलाग, सगळ्याचे आकडे त्यात असतात.

हा नियम प्रशासनाला आपणहून सुचलेला नाही. ५ एप्रिल १९८६ रोजी पेनसिल्व्हेनियातल्या लीहाय विद्यापीठात जीन क्लेरी या पहिल्या वर्षाच्या मुलीवर तिच्याच हॉस्टेलच्या खोलीत बलात्कार झाला आणि तिचा खून झाला. मारणारा त्याच विद्यापीठाचा विद्यार्थी. हॉस्टेलचे दरवाजे आपोआप बंद होणारे होते, पण येण्याजाण्याच्या सोयीसाठी मुलांनी त्यांत पिझ्झाचे खोके अडकवून ठेवले होते. आईवडिलांना नंतर कळलं की आधीच्या तीन वर्षांत त्या कॅम्पसवर ३८ हिंसक गुन्हे घडले होते. पालकांना कुणी अवाक्षरानं सांगितलं नव्हतं. दोघं हटून बसले आणि १९९० मध्ये देशभरासाठी कायदा झाला. पुढे त्याला जीनचंच नाव मिळालं.

या कायद्यानं गुन्हे थांबले असं मी म्हणत नाही. १६ एप्रिल २००७ ला व्हर्जिनिया टेकमध्ये सकाळी सव्वासातच्या सुमारास हॉस्टेलमध्ये गोळीबार झाला, विद्यार्थ्यांना पहिला ईमेल गेला ९ वाजून २६ मिनिटांनी, आणि त्यानंतर थोड्याच वेळात दुसऱ्या इमारतीत तीस जण मारले गेले. मृतांमध्ये मुंबईहून शिकायला गेलेली एक मुलगीही होती. पण वेळेत सावध केलं नाही म्हणून विद्यापीठाला दंड झाला. २०२४ मध्ये लिबर्टी विद्यापीठाला तर या कायद्याखाली १ कोटी ४० लाख डॉलर भरावे लागले. लपवणं महाग पडतं, एवढं तरी तिथे ठरलं आहे.

आता अहवाल वाचायचा कसा? हजारो मुलं राहतात आणि बलात्काराच्या रकान्यात तिन्ही वर्षं शून्य, असं दिसलं तर मी हुरळून जाणार नाही. तिथे तक्रार करायला मुली धजावतात का, हा प्रश्न आधी पडेल. दुसरं, लायब्ररीच्या टेबलावरून लॅपटॉप गेला तर ती साधी चोरी या आकड्यांत सहसा धरत नाहीत. त्यासाठी कॅम्पस पोलिसांची रोजची नोंदवही पाहावी, तीही कुणालाही बघता येते. तिसरी गोष्ट आपल्यासाठी सगळ्यात मोठी. आकडे कॅम्पसचे, विद्यापीठाच्या ताब्यातल्या इमारतींचे आणि कॅम्पसला लागून असलेल्या रस्त्यांचे असतात. आपली मुलं भाडं वाचवायला दोन-तीन मैलांवर चौघांत एक अपार्टमेंट घेतात. तिथलं काही या अहवालात येत नाही. त्यामुळे शेवटची बस किती वाजता, स्टॉपपासून घरापर्यंत दिवे आहेत का, रात्री सोबत येणारी विद्यापीठाची सेवा त्या रस्त्यापर्यंत येते का, हे सीनियरना विचारावं. कुकरचं नंतर.

आणि आपल्याकडे? सुरक्षेचा विषय निघाला की पहिला निर्णय मुलींच्या हॉस्टेलचं गेट अर्धा तास आधी बंद करण्याचा. त्रास देणारा मोकळा, हजेरी मुलींची. सप्टेंबर २०१७ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठाच्या मुली छेडछाडीविरुद्ध गेटवर बसल्या, तर त्यांच्यावर लाठ्या चालल्या. क्लेरीसारखा कायदा भारतात नाही. मात्र लैंगिक छळाच्या किती तक्रारी आल्या आणि किती निकाली निघाल्या, याचा वार्षिक अहवाल यूजीसीला देणं २०१५ च्या नियमांनुसार बंधनकारक आहे. म्हणजे आकडे तयार करावे लागतातच. टेंडर, परिपत्रकं, पदवीदानाचे फोटो वेबसाइटवर चढवता येतात, तर हे एक पान का नाही?

माझ्या फ्रेंड लिस्टमध्ये तीन प्राचार्य आणि इथल्या विद्यापीठाचे एक सिनेट सदस्य आहेत. तुमच्याकडचं ते पान कुठे बघायला मिळेल, खाली लिंक टाकाल का?